चौकातली मोजदाद

इमारतीच्या मधोमध मी चौक काढला, गोल कट्टा बांधला आणि नकाशावर ऐटीत लिहिलं, ‘संवादस्थळ’. दोन वर्षं झाली, कट्ट्यावर कबुतरंसुद्धा बसत नाहीत. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि मीही बसत नाही, पण तो भाग वेगळा.

शेजारच्या दुसऱ्या इमारतीचे नकाशे काढायची वेळ आली, तेव्हा बिल्डर म्हणाला, "चौक रद्द. तिथे गाड्या लावू." माझा जीव कासावीस झाला. मी ताईला बोलावलं. ताई कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. शहरातली माणसं एकमेकांशी का बोलत नाहीत, यावर ती तासन्‌तास बोलते. चौकात किती माणसं बोलतात ते तिने आठवडाभर मोजून अहवाल द्यायचा, चौक चालतो असं निघालं तर तो नव्या इमारतीतही राहील, असं बिल्डरशी ठरलं.

ताई वही घेऊन कट्ट्यावर बसली. पहिले दोन दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई "काय लिहिता?" म्हणून विचारायला आल्या आणि वरच्यांच्या कुत्र्याची तक्रार नोंदवून गेल्या. बातमी जिन्याने वर गेली. शनिवारी चौक गजबजला. खिडकीतून बघून मी हुरळलो.

"हे धरता येणार नाही," ताई फोनवर म्हणाली. "माणसं माझ्याशी बोलायला येतात. मी उठले की चौक ओस. शून्यच लिहिणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायला तरातरा खाली उतरलो, तर पुढे सहा जण. "रांगेत या," शिंपीणबाई म्हणाल्या. सख्खा भाऊ असून नंबर सातवा. पाऊण तासात मला कळलं, की माझ्या डोक्यावर राहणारे घड्याळवाले आजोबा बुद्धिबळाला जोडीदार शोधतायत, आणि समोरच्या दारातल्या नर्सबाई मला दोन वर्षं भाडेकरू समजत होत्या. मला खरंच बरं वाटलं. भांडायचं राहूनच गेलं.

नंबर आला तेव्हा ताई म्हणाली, "पाऊण तास तुम्ही सगळे एकमेकांशीच बोलताय. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाहीत. हे मात्र धरते. लिहिते, की माणसं थांबली तर बोलतात."

बिल्डरने अहवाल दोनदा वाचला. "पटलं," म्हणाला. "चौक राहू दे. लिफ्ट मात्र दोनऐवजी एकच करू. लोक थांबतील, बोलतील."

मी लगेच होकार दिला. त्या नव्या इमारतीत नवव्या मजल्यावरचं घर ताईने आधीच बुक करून ठेवलंय. तिला हे कोणी सांगायचं, एवढंच ठरायचं आहे.