फळ्यावरचं पहिलं नाव

नववी ‘ब’ म्हणजे नुसता गलका. चिंतामण सर ऑफिसात गेले की बाकं वाजायची, खडू उडायचे. सरांनी सोपा उपाय काढला. मॉनिटर अनीशनं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, पुन्हा बोललं की नावापुढं फुली. परत आले की फुलीगणिक छडी. डोकं वापरायचं कामच नाही.

आम्रपाली कांबळे गप्प बसणारी पोर नव्हती, हे खरंच. बाक वाजवायची, सरांना उलटं विचारायची. पण जूनपासून रोज तिचंच नाव पहिलं कसं, हे सरांना कधी खटकलं नाही. शेवटी जानेवारीत हेडसरांनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला तयार केला. पुढच्या वर्षी दहावी. वर्ष संपत आल्यावर तिला घेणार कोण?

गुरुवारी शाळेनं बोलावलं म्हणून तिची आई आक्काताई कांद्याच्या लागणीवरनं तशीच आली. पाय चिखलानं भरलेले. ऑफिसात बसा कुणी म्हणालं नाही. पुरावा दाखवायला सर तिला वर्गात घेऊन गेले. फळ्यावर पहिलं नाव आम्रपाली, पुढं तीन फुल्या.

“आवं सर, पोरगी सोमवारपास्नं कांजिण्यांनी घरात पडलीया. आज हितं कोण बोललं?”

अनीश चाचरत म्हणाला, रोज तेच असतंय म्हणून आधीच लिहून ठेवतो. फुल्या पण? सरांनी विचारलं. फुल्या पण.

सरांनी त्याचा कान पिरगाळला. विषय मिटला असं त्यांना वाटलं. आक्काताई सरळ ऑफिसकडं चालू लागली, सर मागोमाग.

हेडसरांनी हजेरीपट उघडला. सोमवार ते गुरुवार, आम्रपाली हजर. अक्षर चिंतामण सरांचं. ते हजेरी घेतच नव्हते, मागच्या आठवड्याचं बघून रकाने भरत होते. दाखला तयार झाल्यापासून तिला छडी मारायलाही ते उठले नव्हते, म्हणून ती नाही हे दिसलंच नव्हतं. हेडसर म्हणाले, कागद बोलतोय, बाई खोटं बोलतीये. चिंतामण सरांनी नुसती मान डोलावली असती तरी पोरगी शाळेबाहेर.

आक्काताई चिंतामण सरांकडं बघत राहिली. रडली नाही, हात जोडले नाहीत.

सरांनी लाल पेन उचललं, चारही रकाने खोडले, गैरहजर लिहिलं, खाली सही केली. हजेरी मी घेतलीच नव्हती, एवढंच म्हणाले. हेडसरांनी त्यांना मेमो मिळेल असं सांगितलं आणि दाखला ड्रॉवरात ढकलला.

“ड्रॉवरात न्हाई. फाडा,” आक्काताई म्हणाली. फाडेपर्यंत हलली नाही.

मग दारात वळली.

“चार दिस खोडलं, सर. जूनपास्नंच्या छड्या कशा खोडणार?”

नववी ‘ब’मधून बाकं वाजायला लागली होती. सर जागचे उठले नाहीत.