जिभेच्या बाजूने

डॉक्टर सईदांनी ट्रेच्या कडेला बोटं अडकवून हलकासा हिसका दिला, आणि गुलाबी साच्यातून पांढऱ्या दातांची ओळ बाहेर आली. खालची ओळ आधीच सुटून टेबलावर पडली होती. दोन्ही मिळून त्यांनी दामिनीच्या ओंजळीत ठेवल्या.

"गरम हायेत," ती दचकून म्हणाली.

"प्लास्टर घट्ट होताना तापतं, बेटा. जरा वेळानं निवेल. तोवर सांभाळ, तुझेच आहेत."

अंड्यासारखी ऊब होती ती. दामिनीनं हात पोटाशी धरले. दुपारचा दवाखाना पेंगुळला होता. पडद्यातून गाळलेलं ऊन फरशीवर सांडलं होतं, आणि काचेच्या कपाटात कोणाकोणाचे पांढरे जबडे ओळीनं मिटून बसले होते, जणू एखादी अख्खी शाळा प्रार्थनेला डोळे मिटून बसलेली. कपाटाजवळच्या बाकावर दामिनीची आई, पौर्णिमा, अवघडून बसली होती. तिच्या शेजारी कवळी दुरुस्त करायला आलेल्या गंगूबाई होत्या.

बाळापूरहून अकोल्याला यायचं कारण शाळेतलं होतं. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोणी करायचं, तर दामिनीनं, असं बाईंनी ठरवलं होतं. आठवीत तिच्याएवढा स्वच्छ आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. दामिनीनं तोंडावर हात धरून मान हलवली, नकार दिला. माईकसमोर उभं राहायचं म्हणजे तोंड उघडायचं, तोंड उघडायचं म्हणजे दात दिसायचे. तारा लागतील, दात सरळ होतील, मग बोलीन, एवढंच ती घरी म्हणाली. आईनं कारण विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन बसमध्ये बसली.

"डाक्टरबाई," आई बाकावरूनच म्हणाली, "एखादा दात काढा लागत असंन तं काढा. पण पोरीचं माह्यावानी नका होऊ देऊ."

"तुमच्यासारखं म्हणजे?"

आईनं ओढणी सारखी केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टर सईदांनी आग्रह धरला नाही. केस पांढरे होईस्तोवर त्यांनी मुलांचेच दात पाहिले होते, आणि त्यांची एक रीत होती. दातांत काय बिघडलंय ते आधी मुलानं शोधायचं. त्यांनी स्टूल दामिनीजवळ ओढलं.

"मी काही सांगणार नाही. धडा वाचतात तसं हे वाच आणि मला सांग. मघाशी मेणाची पट्टी चावलीस ना? ती मधे ठेवून बसव दोन्ही एकमेकांवर."

दामिनीनं मेणावरच्या खुणांत दात बसवले. ते अलगद जुळले. पट्टी काढून घेतल्यावरही तसेच बसले. तिनं बोट फिरवलं. आपल्या तोंडात वाकडीतिकडी गर्दी असेल, बाजाराच्या दिवशी असते तशी, असं ती धरून चालली होती. बोटाखाली मात्र सकाळी लवकर उठून झाडलेली एक गल्ली होती.

"हा एक दात थोडा वळला हाये," ती बोट थांबवून म्हणाली.

"शाबास. आणखी?"

तिनं मॉडेल उजेडात धरलं, आडवं केलं, उलटं केलं.

"आनखी तं काही दिसत नाई."

"मलाही नाही दिसत." डॉक्टर हसल्या. त्यांचाही समोरचा एक दात जरासा वळलेला होता. "तारांचं काम नाही, बेटा. वर्षभरानं ये, पुन्हा पाहू. पण मग आल्यापासून पाहतेय, बोलताना हात कशाला नेतेस तोंडावर?"

दामिनीनं दातांची ओळ पुन्हा एकदा बोटानं चाचपली. आनंद व्हायला हवा होता. उलट हातातलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं.

"एक बाजू राहिली वाचायची," डॉक्टर म्हणाल्या. "आरशात कधी दिसत नाही ती. जिभेची."

दामिनीनं मॉडेल फिरवलं, दोन्ही ओळी किंचित उघडून डोळ्याशी धरल्या. आणि ती लहान लहान होत गेली, इतकी लहान की स्वतःच्याच जिभेवर मांडी घालून बसली. दोन्ही अंगांना पांढरे डोंगर, समोर फट, फटीत उन्हाचा तुकडा. सगळे आवाज लांबून, पाण्याखालून यावेत तसे येत होते.

त्या उन्हाच्या तुकड्यात बाक होता. गंगूबाई आईला सांगत होत्या, "नवी कवळी घातली तं नातू म्हने, आजी, तू रागावल्यावानी दिसतं. म्हटलं, राग तुया आज्यावर हाय रे, त्याले दात काय करतीन."

आई हसली. हसू फुटायच्या आधीच तिचा हात तोंडावर गेला. चार बोटं जुळलेली, अंगठा हनुवटीखाली.

दामिनीनं मॉडेल खाली घेतलं आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग आईकडे. आईचे दात कसे आहेत, हे तिला आठवेना. आठवेना कसलं, तिनं ते कधी पाहिलेच नव्हते.

"डाक्टरबाई," ती म्हणाली, "आईचा बी साचा घ्या."

"माहा?" आईचा हात पुन्हा वर गेला. "मले काय करा लागते आता या वयात?"

"हिरड्या धड असल्या तर या वयातही दात हलतात," डॉक्टर म्हणाल्या. "वेळ थोडा जास्त लागतो. आणि साचा घेतला म्हणजे तारा लावल्या असं थोडंच आहे? पाहू तर."

"जाय नं वं," गंगूबाई म्हणाल्या. "माह्यावानी सपाट मैदान झाल्यावर जाशीन काय?"

आई खुर्चीत बसली ती परक्याच्या घरी बसावं तशी. डॉक्टरांनी साच्याचा गुलाबी लगदा कालवून ट्रे भरला. तोंड उघडायची वेळ आली तेव्हा आईचे हात कुठे जावं ते न कळून वर आले. दामिनीनं ते दोन्ही आपल्या हातांत घेतले. गार होते. तिच्या तळव्यांत प्लास्टरची ऊब अजून शिल्लक होती.

ट्रे तोंडात गेला. आता फक्त लगदा घट्ट व्हायची वाट पाहायची होती. आईच्या ओठाच्या कडेनं गुलाबी ओघळ हनुवटीवर उतरला.

"आई, गुलाबी मिशी फुटून राह्यली तुले," दामिनी हळूच म्हणाली.

आईचे खांदे हलले. एकदा, दोनदा. मग सगळं अंगच हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी आलं, ट्रे सरकला.

"हसू नका, साचा बिघडेल," डॉक्टर म्हणाल्या. पण तोवर तो बिघडलाच होता. त्यांनी ट्रे काढला. आई हसतच होती, लगद्यानं माखलेल्या ओठांनी, सगळे दात उघडे ठेवून. पुढचे दोन एकमेकांवर चढलेले, एक सुळा वर राहिलेला. दामिनी टक लावून पाहत राहिली. आईचे हात अजून तिच्याच हातांत होते, आणि कोणी ते ओढून घेत नव्हतं.

"पुन्हा घ्यावा लागणार," डॉक्टर म्हणाल्या.

"घ्या मंग," आई म्हणाली.

ट्रे अजून धुवायचा होता, लगदा कालवायचा होता. पण आईनं तोंड उघडलंही होतं.