नत्थुजीच्या मागचा कापूस

उत्तमराव काळमेघांनी सव्वीस वर्षं कापसाची प्रतवारी केली. अमरावतीच्या आसपासच्या खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागायच्या. प्रत्येक गाडीतून चार ठिकाणचा मूठ-मूठ कापूस काढून ते डोळ्यांसमोर धरायचे. ओल हाताला कळायची, धागा बोटांना कळायचा. पण माल पहिल्या नंबरचा की दुसऱ्या, हे शेवटी त्याच्या पांढरेपणावर ठरायचं, आणि पांढरेपणा ठरवायचा उत्तमरावांचा डोळा. लोक त्यांना नावाने कमी आणि ‘ग्रेडरसाहेब’ म्हणून जास्त ओळखायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भाजीबाजारात कुणी ना कुणी त्या नावाने हाक मारायचंच. सोबत बायको, पार्बताबाई, असली की तिला हसू यायचं. घरी या माणसाला भाजीतली मिरची चष्म्याशिवाय दिसत नव्हती.

जानेवारीत त्यांना अकोल्याहून फोन आला. वर्षाली नावाची मुलगी बोलत होती. मूळची पातूरची, वडील शेवंती आणि झेंडू लावायचे. ती अकोल्यातल्या एका कॉलेजात संशोधन करत होती. एखादी वस्तू किती उजळ आहे हे यंत्र कसं मोजतं, माणसाचा डोळा कसं ठरवतो आणि दोघांचं कुठे जमतं, कुठे फाटतं, हा तिचा विषय. कापसाची रुई तिने नमुना म्हणून घेतली होती. आधी कॉलेजातली पोरं बसवून पाहिली, पण त्यांनी एकाच नमुन्याला सकाळी साठ गुण दिले आणि दुपारी ऐंशी. तिला मुरलेला डोळा पाहिजे होता. एका जिनिंगवाल्याने उत्तमरावांचं नाव सुचवलं होतं.

उत्तमरावांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने ते अकोल्याला गेले. वर्षालीची खोली लहानशी होती. भिंतींना काळा रंग, खिडक्यांना काळं कापड, आणि मधोमध टेबलावर एक पेटी. पेटीत वरून दिवा सोडला होता. तो तिने अर्धा तास आधीच लावून ठेवला होता, कारण तापल्याशिवाय त्याचा उजेड एकसारखा पडत नाही, असं तिने सांगितलं. हे उत्तमरावांना आवडलं. तेसुद्धा सकाळचं धुकं गेल्याशिवाय पहिल्या गाडीला हात लावायचे नाहीत.

कापसाच्या आधी तिने त्यांच्यापुढे कागदाच्या पट्ट्या मांडल्या. एका टोकाला पांढरीशुभ्र, दुसऱ्या टोकाला काळी, मधे करड्या रंगाच्या बऱ्याच. पांढऱ्या आणि काळ्याच्या बरोबर मधली कोणती, एवढंच सांगायचं होतं. उत्तमरावांनी फार वेळ न घेता एक उचलली. वर्षालीने ती यंत्राखाली धरली. पांढरी पट्टी आपल्यावर पडलेल्या शंभर हिश्श्यांपैकी नव्वद हिस्से उजेड परत पाठवत होती. त्यांनी निवडलेली पट्टी जेमतेम वीस-बावीस, म्हणजे निम्म्याहूनही कितीतरी कमी.

उत्तमराव म्हणाले, यंत्र बिघडलं असेल.

वर्षालीला हसू आलं. सगळेच जण हीच पट्टी उचलतात, ती म्हणाली. “यंत्र उजेड मोजते, काकाजी. डोळा मोजत नाही. तो याच्याशी त्याला ताडून पाहतो.”

ही गोष्ट त्यांना थोडी खटकली, पण त्यांनी ती सोडून दिली. मग रुईचे नमुने सुरू झाले. एकेक नमुना काळ्या तबकात पेटीत सरकायचा, ते पाहायचे आणि शंभरातून गुण सांगायचे. नमुने चाळीसच होते, पण वर्षाली तेच पुन्हा पुन्हा, क्रम बदलून दाखवत होती. कोणता नमुना कितव्यांदा आला, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. दोन आठवड्यांत ते चारदा अकोल्याला गेले. एकूण सहाशेच्या वर वेळा त्यांनी गुण दिले. पाठ दुखायची, पण घरी येताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा. आपलं काम कुणीतरी इतक्या बारकाईने लिहून घेतं आहे, याचंच त्यांना अप्रूप वाटत होतं.

पाचव्या खेपेला वर्षालीने त्यांना निकाल दाखवायला बोलावलं. चहा झाला, आणि तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

पहिली गोष्ट तिने आनंदाने सांगितली. आजवर बसवलेल्या तीस-बत्तीस माणसांत इतका स्थिर डोळा कुणाचाच नव्हता. दुसरी गोष्टही तिने तितक्याच आनंदाने सांगितली, कारण ती तिच्या संशोधनाचं फळ होती. एखाद्या नमुन्याच्या आधी खूप पांढरा नमुना येऊन गेला असला, की उत्तमराव त्याला चार-पाच गुण कमी देत होते. आधी मळकट नमुना गेला असला, तर तोच नमुना चार-पाच गुणांनी वर चढत होता. यंत्राचा आकडा दोन्ही वेळा सारखाच. हे सगळ्यांचंच होतं, ती म्हणाली. पण पोरांचे आकडे इतके इकडे-तिकडे उडत, की त्यांच्यात ही चूक दडून जायची. उत्तमरावांचा डोळा स्थिर, म्हणून त्यांच्यात ती स्वच्छ दिसली.

उत्तमरावांनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “पयल्या आणि दुसऱ्या नंबराच्या काठावरचा माल असला, तर चार गुणांनी नंबर बदलन काय?”

“काठावरचा असला तर बदलेल,” वर्षाली म्हणाली. त्यांनी हे का विचारलं, ते तिला कळलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच माणूस होता. वलगावचा देवराव.

तेरा वर्षं झाली असतील. देवराव आणि नत्थुजी या दोघांची वावरं लागून होती, आणि दोघे कापूस घेऊन बरोबरच यायचे. नत्थुजीचा कापूस म्हणजे नजर ठरू नये असा पांढरा. वेचणीलाच काडीकचरा निवडून टाकलेला. नत्थुजीची गाडी पुढे, देवरावची तिच्या मागे. त्या वर्षी देवरावच्या पहिल्या खेपेला पहिला नंबर मिळाला होता, आणि त्या दिवशी काही कारणाने नत्थुजी आला नव्हता. आठवड्याने दोघे बरोबर आले, आणि देवरावच्या मालाला उत्तमरावांनी दुसरा नंबर दिला. देवराव टेबलापाशी येऊन शांतपणे म्हणाला होता, की दोन्ही खेपांचा कापूस एकाच ढिगातला आहे, मग आज कमी कसा? उत्तमरावांना राग आला. भर यार्डात, रांगेतल्या सगळ्यांसमोर ते म्हणाले होते, की तू शेवटच्या वेचणीची हलकी फरतड यात मिसळली आहेस, मला शिकवू नकोस. देवरावने खाली पाहिलं आणि गाडी काट्यावर नेली.

त्यानंतर कित्येक गाड्या आल्या आणि गेल्या. तो दिवस त्यांना आठवला नव्हता असं नाही. पण आठवला की आपणच बरोबर होतो असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ही सगळी हकीकत पार्बताबाईला सांगितली. ती पालक निवडत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “तो माणूस हाय ना अजून?”

“हाय. वलगावलेच रायते.”

“मंग मले कावून सांगून राहिले?”

उत्तमरावांनी स्कूटर काढली.

देवराव अंगणात बसून सुपात हरभरा निवडत होता. सत्तरीला आला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने उत्तमरावांना लगेच ओळखलं. उठला, खाट ओढली आणि सुनेला, मंजुषाला, पाणी आणायला सांगितलं. पाणी आलं, चहाही आला. पिकापाण्याचं, पोराबाळांचं बोलणं झालं. कशाला आले हे त्याने विचारलं नाही, त्यामुळे उत्तमरावांना सुरुवात कुठून करावी ते सुचेना. शेवटी त्यांनी अकोल्याची काळी खोली, ती पेटी, ते गुण, सगळं सांगितलं. पांढऱ्या मालाच्या मागे आलेला माल माझ्या डोळ्याला कमी दिसत होता, तुझा कापूस चांगला होता, असं सांगून ते थांबले.

देवराव हरभऱ्यातून बोटं फिरवत होता.

“ते आमाले तवाच मालूम होतं, साहेब,” तो म्हणाला.

उत्तमरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण देवराव सरळपणे सांगत राहिला. पांढऱ्याच्या मागे लागलं की मालाचा नंबर पडे, हे यार्डातल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणून लोक आधी पुढच्या गाडीत डोकावून पाहत. एखादा जास्तच पिवळा, कवडीचा म्हणजे किडका माल घेऊन आला, की त्याच्या मागची जागा धरायला भांडण होई. नत्थुजीच्या मागे मात्र कुणी लागत नसे. देवराव शेजारधर्म म्हणून त्याच्या सोबत राहिला, त्या वर्षापर्यंत.

“मले कोणी कधी सांगतलं नाई,” उत्तमराव म्हणाले.

“तुमाले कोन सांगन?” देवरावने सूप बाजूला ठेवलं. आता तो त्यांच्याकडे पाहत होता. “नंबराचं जाऊ द्या. नंबर आज पडला, उद्या भेटते. पण मी मिसळ केली म्हणले तुमी. नत्थुजी बाजूले उभा होता. त्यानं मले कधी काई विचारलं नाई. पण त्याच्या मनात काय आलं असन, हे मी तेरा वर्सं पाहून राहिलो.”

मंजुषा दारात उभी होती, ती आत गेली. उत्तमरावांनी हातातला कप खाली ठेवला. मी चुकीचं बोललो, ते म्हणाले. तू मिसळ केली नव्हतीस.

“मले नका सांगू,” देवराव म्हणाला. “मले तं मालूम हाय. नत्थुजीले सांगा.”

नत्थुजीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दोघे चालत गेले. नत्थुजी ओसरीवर ऊन खात बसला होता. त्याला आता ऐकू कमी येत होतं, हे उत्तमरावांना तिथे पोचल्यावर कळलं. त्यांनी बेताच्या आवाजात सांगितलं, तर नत्थुजीने कानामागे हात धरला. पुन्हा सांगितलं, तर त्याने देवरावकडे पाहिलं. देवरावने मदत केली नाही. तेव्हा उत्तमरावांनी यार्डात काढायचे तसा आवाज काढला.

“मी ग्रेडर होतो. देवरावनं फरतड मिसळली म्हणलं होतं मी. तो इमानदार होता. माह्याच डोळ्याची चूक होती.”

समोरच्या ओट्यावर बसलेल्या दोघी बाया वळून पाहायला लागल्या. एक सायकलवाला थांबला. उत्तमरावांचे कान तापले, पण शब्द बोलून झाले होते आणि ते परत घ्यावेसे त्यांना वाटले नाहीत. नत्थुजीने मान हलवली.

“देवराव असं करन काय?” तो म्हणाला. “मी तवाच म्हणलं होतं घरी.”

देवराव ओसरीच्या पायरीवर बसला आणि उपरण्याने त्याने तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं. मग नत्थुजीला मोठ्याने विचारलं, औषध घेतलं का आज. नत्थुजीला तेही दोनदा विचारावं लागलं.

संध्याकाळी उत्तमरावांनी वर्षालीला फोन करून यार्डातल्या रांगांची गोष्ट सांगितली. ती कागद-पेन घेऊन येते म्हणाली आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. पुढच्या प्रयोगात तिने प्रत्येक नमुन्यानंतर दहा सेकंद एक करडा पुठ्ठा पाहायला लावायचं ठरवलं. मधे तसं केलं की आधीच्या नमुन्याचा पगडा डोळ्यावरून उतरतो की नाही, हे तिला तपासायचं होतं. तिला आता प्रतवारी करणारे नव्हे, तर कापूस पिकवणारे डोळे हवे होते. वलगावचा तो माणूस येईल का, असं तिने विचारलं.

देवराव आला. फेब्रुवारीच्या शेवटी दोघे एकाच एस.टी.ने अकोल्याला गेले. बडनेऱ्यापर्यंत कुणी फार बोललं नाही. त्यानंतर देवराव विचारू लागला, की दिवा अर्धा तास आधी का लावतात, पेटी काळीच का. उत्तमरावांना जेवढं समजलं होतं, तेवढं त्यांनी सांगितलं. नाही समजलं, ते वर्षालीला विचार म्हणाले.

वर्षालीने देवरावला आत नेलं आणि दार लावून घेतलं. उत्तमराव बाहेरच्या बाकावर बसले. आतून मधूनमधून देवरावचा आवाज येत होता. एकसष्ट. चौऱ्याहत्तर. मग बराच वेळ काहीच नाही. तो आकडा सांगायला खूप वेळ घेत होता, आणि वर्षाली त्याला घाई करत नव्हती.

दीड तासाने तो डोळे चोळत बाहेर आला आणि त्यांच्या शेजारी बसला.

“बारीक काम हाय,” तो म्हणाला. “मान धरली माही.”

उत्तमरावांनी सरकून त्याला नीट टेकायला जागा दिली आणि कॉलेजच्या कॅन्टीनमधून दोन चहा मागवले.