कॉलरचा हात

माझे जावई इंग्रजी शिकवतात. माझ्या शिलाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. जागा माझी, बाकं माझी, दिवा माझा. त्यांची फक्त जीभ.

लेकीचा हात कॉलरला असा होता की गिऱ्हाईक शर्ट उलटासुलटा करून बघायचं, पण खोट सापडायची नाही. लग्न झालं तसं जावयांनी तिला मशीनवरून उठवून फळा पुसायला उभं केलं. मास्तरांच्या बायकोला शिवणकाम शोभत नाही म्हणे. तीन वर्षं झाली त्याला, तेव्हापासून कॉलर मीच करायचे. यंदा माझा अंगठा आखडला, कात्री धरवेना. दुकान चालतं ते कॉलरवर. लेक परत बसली तर चालेल, नाहीतर कुलूप. तिला तसं स्पष्ट सांगितलं. "ह्यांना विचारते," म्हणाली, पण विचारायला तिचं तोंड काही उघडेना.

परवा मी शर्टांचे धागे काढत बसले होते. मधलं दार उघडंच. जावई समजावत होते, पूर्वी एखादी गोष्ट यायची, तर 'कुड' म्हणायचं. एकदाच, कसंबसं जमलं असेल, तर 'वॉज एबल टू'.

"म्हणजे तुमच्या बी.ए.सारखं," मी इकडूनच म्हटलं. वर्ग हसला.

जावयांनी घसा खाकरला. लहानपणी म्हणे ते नदी पोहून जायचे, ताडावर चढायचे. आता जिना चढले तरी पाणी मागतात. बढाई मारावी ती जुन्या काळाची, साक्षीदार लागत नाही.

मग म्हणाले, "घरचंच उदाहरण घ्या. माय वाइफ कुड स्टिच."

सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. लेक डस्टर धरून उभी.

"याचा अर्थ काय हो, जावईबापू?"

"हिला पूर्वी शिवता यायचं, आई."

"आणि आता?"

"आता काय करायचंय? सुटलं ते."

लेकीने डस्टर बाकावर ठेवला, सगळ्यांदेखत बाहेर आली आणि मशीनवर बसली. मी कापड पुढे सरकवलं. तिने कॉलर शिवून दिली, टोकं लहानमोठी.

"एक कान मांजराचा, एक सशाचा," मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला हे दाखवू?"

"नको. ब्लेड दे, उसवते."

जावई दारात आले. "अगं, फळा भरलाय."

"मग पुसा," ती मान वर न करता म्हणाली.

चौथी कॉलर जमली. मी ती गिऱ्हाइकाच्या शर्टावर ठेवली. पुढचं कापड दिलं.