आतड्याला लावलेला फोन

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर सिग्नलबाबा एका गृहस्थांच्या पोटाला फोनचा रिसीव्हर लावून बोलत होते, "हॅलो, लहान आतडं का? जरा मोठ्याला द्या." रिसीव्हरची तार कुठेच जोडलेली नव्हती. लोक हात जोडून ऐकत होते. मोठं आतडं बहुधा कामात होतं.

पुढचा नंबर माझ्या दादाचा. त्याच्या लहान आतड्यात क्वचितच कुणाला होणारा कर्करोग निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "पेशीला 'वाढ' असा निरोप येतो, काम झालं की थांबतो. तुमच्या गाठीत घंटेचं बटणच अडकलंय. कुणी दाबत नाही, तरी वाजतंय. आधी गाठ काढू, मग घंटा गप्प करणारं औषध लागू पडतं का पाहू." ऑपरेशन परवावर आलं होतं. आणि सिग्नलबाबा म्हणत होते, चिरफाड न करता घंटा बंद.

बाबांच्या शिष्येने दादाचं पोट वाटीतल्या 'शुद्धिजला'ने पुसलं. बाबांनी पिवळी पट्टी चिकटवली. ती लालभडक झाली.

"बघा, पेशी केवढ्या ओरडतायत."

मग पुटपुटणं, दुसऱ्या वाटीतलं पाणी, आणि पट्टी पुन्हा पिवळी.

"बसल्या गप्प."

"चिमे, परवाचं रद्द कर," दादा मला म्हणाला. "सुटलो गं."

तेवढ्यात माझ्या कडेवरची लेक हातातली बाहुली पुढे करून म्हणाली, "बाहुलीचं पण पोट दुखतं." शिष्येने सवयीने बाहुलीचंही पोट पुसलं आणि पट्टी लावली. लाल.

"बाबा, ही कापसाची आहे," मी म्हटलं.

"कापूसही एके काळी जिवंत होता." लोकांनी माना डोलावल्या.

पण लेकीची लाळेरी रोज मीच धुते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो. मी कोरी पट्टी उचलली आणि थेट शुद्धिजलात बुडवली. लाल. तीच दुसऱ्या वाटीत बुडवली. पिवळी.

"पट्टीला हळद, इकडे सोडा, तिकडे लिंबू," मी म्हटलं. "आता कुणाचं आतडं बोललं, वाटीचं?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. दादा मात्र हसला नाही.

"म्हणजे ती घंटा अजून वाजतेय?"

"हो रे दादा."

तो शर्टाची बटणं लावत राहिला. "परवा उपाशीपोटी यायला सांगितलंय ना?"

आपल्या माणसाच्या पोटाला कुणी काही लावायला आलं, तर आधी विचारा, पुसलं कशाने? विचारलेलं त्याला खपलं नाही, तर माणसाचा हात धरा आणि दवाखाना गाठा. आम्ही गाठला.