वळणावरचा गाळ

नदीतला चिखल तपासणाऱ्या बाईला कुणी मान देत नाही, आणि स्नेहलने ती अपेक्षा केव्हाच सोडली होती. दर डिसेंबरात ती पुण्याहून घोटावड्याला यायची. वरच्या कारखान्यांकडून येणारा ओढा मुळा नदीला मिळतो, त्याच्या खालच्या वळणावर, विठ्ठलरावांच्या शेतामागे, प्लास्टिकची नळी गाळात उभी खुपसायची आणि आतल्या थरांसकट अलगद वर काढायची. खालचा थर जुना, वरचा नवा. ही पद्धत ती खाणींच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या नद्यांवर शिकली होती. इथे खाण नव्हती, लोखंडी सुट्या भागांना मुलामा देणारे कारखाने होते, पण गाळात उतरणारे धातू तेच. जागा मात्र दरवर्षी तीच हवी. जागा बदलली की मागच्या साऱ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

यंदाची खेप शेवटची. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली नव्हती. अहवाल गेले, स्मरणपत्रं गेली, वरून ‘नोंद घेतली आहे’ एवढंच आलं. नोंद घेण्यात आपल्या कार्यालयांचा हात कुणी धरणार नाही. स्नेहलला आता राग यायचाही कंटाळा आला होता. शेवटची नळी काढायची, आकडे लावायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बांधावरून खाली उतरली आणि ती थांबली. वळणावर गाळच नव्हता. काठावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते, आणि जिथे ती दरवर्षी गुडघाभर रुतायची तिथे उघडा कातळ आणि थोडं पाणी होतं.

“बगताय काय मॅडम?” विठ्ठलराव मागून हसत आले. “उन्हाळ्यात काढला समदा.”

“काका, गाळ गेला कुठे?”

“जातोय कुटं? खालच्या तुकड्यात पसरला. भात बगाया पायजे हुता तुमी. लोंब्या निस्त्या वाकल्या हुत्या.”

“पण का काढलात?”

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. “आता तुमीच इचारताय व्हय? दर साली मी तुमास्नी इचारतोय, काय घावलं. तुमी म्हनता, झिंक वाढलंय काका. गेल्या साली म्हनला, लई वाढलंय. भाताची पानं तांबूस पडली की आमी पौडच्या दुकानातनं झिंकच आनून टाकतो की. इकत आनायचं ते हितं फुकट पडलंय. आन् तुमी तर वाटीभर गाळ बर्फाच्या पेटीत घालून नेताय. उगा नेताय व्हय?”

“ओढ्याचं पाणी वाईट आहे, वापरू नका म्हटलं होतं ना मी?”

“मग पानी कुटं घेतलं? नदीवरची मोटर बंदच हाय. गाळ तर चांगला उनात वाळवला, मग टाकला.”

त्यांचं काय चुकलं ते तिला शोधूनही सापडेना. तिने सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकलं होतं, पाळलं होतं. त्या गाळात झिंकच्या जोडीला कॅडमियम हा विषारी धातू होता, आणि कॅडमियम भाताच्या दाण्यात उतरतं, हे अहवालात सविस्तर होतं. अहवाल कार्यालयात होता. विठ्ठलरावांच्या वाट्याला गाडीत बसता बसता दिलेलं एका शब्दाचं उत्तर यायचं. स्नेहलला भयंकर लाज वाटली, आणि इतक्या थकव्यात लाजेला जागा उरलीच कशी याचं नवलही वाटलं.

ओट्यावर बसून तिने त्यांना सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत. त्यांची बायको सगुणाबाई चहा घेऊन आली होती, तीही उभी राहून ऐकत होती.

“तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही,” स्नेहल म्हणाली. “पण हे विष अंगात साठून राहतं. मूत्रपिंडं खराब करतं. तोवर त्या तुकड्यातला तांदूळ कुणी खाऊ नका.”

“आमी न्हाईच खात त्यातला,” सगुणाबाई म्हणाली. “आमचा वरच्या रानातला हाय.”

स्नेहलचा जीव भांड्यात पडला. तिने चहाचा कप उचलला.

“त्यो समदा किमयाला धाडला,” सगुणाबाई म्हणाली. किमया त्यांची लेक, हिंजवडीला दिलेली. “सातवा लागलाय तिला.”

विठ्ठलरावांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. पलीकडून ‘आप्पा’ अशी हाक ऐकू आली. त्यांनी फोन लगेच स्नेहलपुढे धरला.

“तुमी सांगा. मला न्हाई जमायचं.”

तिने फोन घेतला. “किमया, मी स्नेहल बोलतेय. नदीवर येते ती.”

“हां मॅडम! कशा आहात? तुमच्या गाळावरचा तांदूळ आलाय बरं का आमच्याकडे. मस्त आहे एकदम.”

इतकी वर्षं स्नेहल आकडे सांगत आली होती. आता त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

“किमया, तो तांदूळ खाऊ नकोस,” ती म्हणाली. “एक घाससुद्धा नको. त्यात विषारी धातू असण्याची शक्यता आहे. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जा, मी येते बरोबर.”

पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“पण मॅडम, दोन्ही वेळा तोच खातेय मी,” किमया म्हणाली. “बाळासाठी चांगला म्हणून.”