खाली वाकायचं काम

“बाबा, तुम्ही आजवर एक तरी गाडी पास केलीय का?”

प्रश्न माझा नव्हता. वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. आणि बास्केटबॉलची कप्तान झाल्यापासून मी कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हते.

बाबा जुन्या गाड्या तपासतात. कुणी सेकंडहँड गाडी घ्यायला निघालं की त्यांना बोलावतं. स्टीअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात ते स्कॅनरची वायर जोडतात आणि गाडीच्या कॉम्प्युटरने काय काय दुखणी नोंदवून ठेवलीत ते वाचतात. बाजारात त्यांना ‘मोडता’ म्हणतात. ते आले की सौदा मोडतो. एका मैत्रिणीच्या काकांचाही मोडला होता, म्हणून ही पैज.

बाबा जमिनीवर उताणे पडले होते, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी. डोळे न उघडता म्हणाले, “उद्या रविवार आहे. चल बरोबर, बघ.”

“न्याच तिला,” आई म्हणाली. “तेवढंच तुमचं वाकणं वाचेल. आणि त्या यार्डवाल्याला होकार देऊन टाका आता. किती दिवस तंगवणार त्याला?”

जुन्या गाड्यांच्या यार्डवाल्याने बाबांना नोकरी देऊ केली होती. त्याच्याच ऑफिसात बसून त्याच्याच गाड्या तपासायच्या. खुर्ची, पंखा, वाकायला हाताखाली माणूस, आणि प्रत्येक गाडीच्या काचेवर ‘तपासलेली’ असा स्टिकर. मला तर ऐकूनच हायसं वाटलं होतं. मोडत्याची मुलगी म्हणवून घेण्यापेक्षा स्टिकरवाल्याची बरी.

रविवारचा सराव बुडवून मी गेले. काम नेमकं त्याच यार्डात होतं. गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं. बायकोला दिवस गेलेले, आणि तिच्या हातात सीटवर ठेवायची नवीकोरी उशी. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मी पायांच्या जागेत शिरले, चाचपून सॉकेट शोधलं, वायर जोडली. बाबांनी बाहेरून सांगितलं तशी बटणं दाबली. स्क्रीन हिरवीगार झाली.

“बाबा, एकही दोष नाही,” मी आतूनच ओरडले. “पास!”

नवरा हसला. बायकोने उशी सीटवर ठेवून पाहिली, थोडी डावीकडे सरकवली. यार्डवाल्याने चहा मागवला. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांचा एक नियम आहे, तो मला नंतर कळला: स्क्रीनवर काहीही दिसो, गाडीजवळ तोंड उघडायचं नाही. तो सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, कारण माझ्यासारखी तोफ त्यांनी कधी बरोबर नेलीच नव्हती.

त्यांनी स्कॅनर मागून घेतला आणि पुढचं पान उघडलं. बराच वेळ बघत राहिले. मग कंटाळल्यासारखे हळू म्हणाले, “गाडी आज सकाळीच अंघोळ करून आलीय.”

गाडी चालता चालता स्वतःच्या तपासण्या करत असते. कुणी तिची नोंद पुसली की त्या तपासण्याही कोऱ्या होतात आणि पुन्हा भरायला तिला काही दिवस पळावं लागतं. इथे सगळ्या कोऱ्या होत्या. दोष नव्हते असं नाही. होते की नव्हते, ते कळायची सोयच ठेवली नव्हती.

“अहो, बॅटरी बदललीय सकाळी,” यार्डवाला म्हणाला. “त्यानंही पुसलं जातं.”

“जातं ना. मग चार दिवस चालवू द्या यांना, मी परत येऊन बघतो.”

“दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय हो.” मग बाबांच्या खांद्यावर हात ठेवून तो त्यांना माझ्या बाजूला घेऊन आला. आवाज उतरवून म्हणाला, “कशाला उकरताय? उद्यापासून आपण एकाच घरातले.”

बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले. खरं सांगायचं तर, त्यांनी मान हलवावी असं मला वाटत होतं. ती उशी सीटवर इतकी छान बसली होती.

बाबा जोडप्याकडे वळले. “ही गाडी मी चांगलीही म्हणू शकत नाही आणि वाईटही. आज घेऊ नका.”

“मग तुम्हाला बोलावलं कशाला?” नवरा चिडला. “आत्ता तर पास म्हणालात.”

“ते मी नाही म्हणालो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. “तू म्हणालीस ना गं, एकही दोष नाही म्हणून?”

मी स्कॅनरची वायर गुंडाळू लागले. तिने उशी उचलली, काखेत मारली, आणि दोघं बसथांब्याकडे चालू लागली.

यार्डवाला चिडला नाही, तेच वाईट. चहा बाबांच्या हातात देत म्हणाला, “आज बोललात, ठीक. खुर्चीत बसल्यावर असं बोलता येणार नाही. रात्रीपर्यंत कळवा.”

परतताना स्कूटरवर मी मांडीवर स्कॅनरची पेटी धरून बसले होते. खड्डा आला की बाबांच्या तोंडून हलकं ‘हं’ निघायचं.

“केल्यात,” ते मध्येच म्हणाले.

“काय?”

“पास. पुष्कळ केल्यात. ती माणसं गाडी घेऊन जातात, मला विसरतात. लक्षात ठेवतात ती आजच्यासारखी.”

रात्री ते उभ्यानेच जेवले. बसलं की कळ येत होती. आईने सगळं ऐकून घेतलं होतं आणि आज ती होकाराचं नावही काढत नव्हती. बाबांनीच हात धुऊन फोन उचलला. “सांगून टाकतो त्याला, येतो म्हणून. थकलो गं आता.”

आई पदराला हात पुसत राहिली.

“बाबा, फोन ठेवा,” मी म्हणाले. “कप्तान दुसरी निवडा, असं मी खेळाच्या मॅडमना मघाशीच कळवलंय. दर रविवारी मी तुमच्याबरोबर येणार, आणि एरवी शाळा सुटली की. खाली वाकायचं काम माझं. बोलायचं तुमचं. गाडीजवळ मी तोंड उघडणार नाही.”